सातव्या उद्गाराचा हेवा

बेंगळुरूत, चामराजपेटातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक झाड आहे. वर्षाचे अकरा महिने त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. फेब्रुवारी सरत आला की ते पानं टाकून देतं आणि नखशिखांत गुलाबी होतं. कॉलेजच्या मुली खाली उभ्या राहून फोटो काढतात, रिक्षावाले फुलांच्या सड्यावर रिक्षा लावून मागच्या सीटवर पाय पसरतात, कोपऱ्यावरची फुलवाली अक्का तेवढे दिवस आपल्या टोपलीकडे जरा रागानं बघते. काहींना या दिवसांत शिंका येतात, काहींचे डोळे चुरचुरतात. मला हेवा वाटायला लागतो. दर वर्षी, न चुकता.

सुरुवात झाडापासूनच होते. आमचा लेंट, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीचे उपवासाचे चाळीस दिवस, नेमका याच सुमारास लागतो. साधं राहावं, मान खाली घालावी, आत बघावं असे हे दिवस. मी आत बघायला बसतो आणि खिडकीबाहेर हे झाड नटूनथटून उभं असतं. त्याला कुणी बोलत नाही. मी एकदा लेंटमध्ये नवा चौकड्यांचा शर्ट घातला होता, तर चार माणसांनी विचारलं होतं, "काय, लग्नाला निघालात?"

लेंटमध्ये काहीतरी सोडायचं असतं. मी आजवर पुष्कळ गोष्टी सोडल्या आहेत. एका वर्षी कॉफी सोडली. बेंगळुरूत कॉफी सोडणं म्हणजे काय ते इथं राहिलेल्यालाच कळेल. इथं कॉफीचा वास बसस्टॉपवर तुमच्या आधी येऊन उभा असतो. नवव्या दिवशी मला असा साक्षात्कार झाला की चहा म्हणजे काही कॉफी नव्हे, आणि उरलेले एकतीस दिवस मी दिवसाला सहा कप चहा पिऊन मोठ्या निष्ठेनं पार पाडले. एका वर्षी राग सोडला. पाचव्या दिवशी रूथ, म्हणजे माझी बायको, शांतपणे म्हणाली की तुम्ही राग सोडलाय हे सांगणं सोडलंत तर बरं होईल.

मग एका वर्षी मी नम्रता धरायचं ठरवलं. सोडायचं काही उरलं नव्हतं, म्हणून धरायचं. उपाय सोपा वाटला: चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसायचं. पहिल्या रविवारी गेलो तर मागचा बाक भरलेला. दुसऱ्या रविवारी पंधरा मिनिटं आधी गेलो, तरी तिथं एक माणूस बसलेला होताच. तिसऱ्या रविवारी मी अर्धा तास आधी पोचलो, जागा पटकावली आणि पूर्ण उपासनाभर कोण वळून बघतंय ते बघत राहिलो. कुणीच बघेना. शेवटी प्रार्थनेच्या वेळी मला जरा खोकला आला.

मागच्या बाकावरचा तो माणूस म्हणजे शांतप्पा. त्याच्यावर मी येणारच आहे. खरं तर हा सगळा मोसम त्याचाच आहे.

पण आधी आमची मंडळी सांगायला हवी. बेंगळुरूत मराठी बोलणारी आमची ख्रिस्ती घरं पस्तीस-चाळीस. निम्मी पुण्या-मुंबईहून आयटीत आलेली पोरं, आज कोरमंगलाला तर उद्या आणखी कुठं. निम्मी निपाणी-बेळगावकडची, इथं तीस-तीस वर्षं मुरलेली, मराठीत कन्नड कालवून बोलणारी. मी नगरचा, दोन्हींकडून परका. स्वतःची इमारत नाही. एका कन्नड मंडळीच्या चर्चमध्ये आम्हाला रविवारी दुपारचा दीड तास मिळतो. आमचं शेवटचं गीत चालू असताना पुढची तमिळ मंडळी व्हरांड्यात चपला काढत असते. त्यामुळे आमच्याकडे लांब बोलणाऱ्या माणसाबद्दल सर्वांनाच मत असतं. मी लांब बोलतो.

पोटासाठी मी वेगळंच करतो. एका कंपनीत सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या पुस्तिका लिहितो, इंग्रजीत. तिथं माझी ख्याती अशी की अवघडातली अवघड गोष्ट मी पाच सोप्या पायऱ्यांत सांगतो. देवाबद्दल मात्र मला पाच पायऱ्यांत काही सांगता येत नाही. तिथं माझ्या तोंडून समास पडू लागतात.

रूथची प्रार्थना मी रोज ऐकतो. दिवा मालवायच्या आधी ती एवढंच म्हणते, "बापा, आजचं झालं तेवढं झालं, उरलेलं तू बघ." आणि दोन मिनिटांत घोरायला लागते. मी तिच्या शेजारी उताणा पडून देवाला परिस्थिती समजावून सांगत असतो: पार्श्वभूमी, आजवरचे प्रयत्न, शक्य ते पर्याय. छत्तीस वर्षांच्या संसारात मला तिच्या कशाचा हेवा वाटला असेल, तर त्या घोरण्याचा.

हे दुखणं जुनंच. नगरला आम्ही राहायचो तिथं कंपाउंडची एक भिंत होती, पुरुषभर उंचीची. संध्याकाळी वडील घरी यायचे तेव्हा मी आणि माझी धाकटी बहीण त्या भिंतीवर बसलेलो असायचो. वडील खाली उभे राहून हात पसरायचे आणि म्हणायचे, या. मी विचारायचो, नक्की पकडाल ना? ते हो म्हणायचे. मी विचारायचो, दोन्ही हातांनी? तेही हो म्हणायचे. सगळी खात्री करून घेतल्यावर मी भिंतीला धरून धरून मागच्या बाजूनं उतरायचो. एकदा ते शेजाऱ्यांशी बोलत उभे होते, पाठ आमच्याकडे, आणि बहिणीनं "अप्पा" एवढंच म्हणून उडी टाकली. त्यांनी हातातली भाजीची पिशवी टाकली, कसे वळले ते त्यांनाच ठाऊक, आणि ती त्यांच्या छातीवर आदळली. रस्ताभर टोमॅटो. तिला ओरडा बसला, पण ओरडताना त्यांनी तिला खाली ठेवली नाही. मी भिंतीवर शहाण्यासारखा बसून होतो. मुलासारखा विश्वास धरावा असं कुणी उपदेशात म्हणालं की लोकांच्या डोळ्यांपुढे गोड गोड काहीतरी येत असेल. माझ्या डोळ्यांपुढे ते टोमॅटो येतात.

तर शांतप्पा.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. झाड असंच गुलाबी झालेलं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे प्रभूला क्रुसावर दिलं त्या दिवशी, आमच्याकडे तीन तासांची उपासना असते. क्रुसावरून प्रभूनं उच्चारलेली सात वाक्यं म्हणजे सात उद्गार. एकेका उद्गारावर मंडळीतलं एकेक माणूस बारा मिनिटं बोलतं. कुणी कुठला उद्गार घ्यायचा ते पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, लेंटच्या पहिल्या रविवारी जाहीर करतात. सगळे उद्गार सारखेच पवित्र, असं आम्ही सगळे म्हणतो, आणि त्यातला चढउतार आम्हा सगळ्यांना तोंडपाठ असतो. तिसरा आईबद्दलचा, तो बायकांकडे जातो. चौथा समजायला कठीण, तो शिकलेल्यांना. पाचवा तहानेचा, तो नवख्याला, कारण त्यात चुकायला जागा कमी. आणि सातवा, स्वतःला बापाच्या हातात सोपवून देण्याचा, तो शेवटचा. लोक घरी जातात ते त्याच माणसाचा आवाज कानात घेऊन.

अकरा वर्षांत मी पहिल्यापासून सहाव्यापर्यंत सगळे करून चुकलो होतो; बायका कमी पडल्या त्या वर्षी तिसरासुद्धा. सातवा नेहमी भास्करकाकांकडे असायचा, आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडे. त्या वर्षी भास्करकाका मुलाकडे पुण्याला राहायला गेले. मला त्यांची आठवण फार आली, आणि त्याच आठवड्यात मी सातव्या उद्गाराची तयारी सुरू केली. नाताळचा केक डब्यात होता तेव्हापासून. बावीस पानं झाली. आंघोळ करताना म्हणून पाहिली. दोन माणसांना विश्वासात घेऊन सांगितलं की सातवा बहुधा माझ्याकडे येणार, पण कुठं बोलू नका. बोलणार नाहीत अशी माणसं मी अर्थातच निवडली नव्हती.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी यादी वाचली. सहावा: माझं नाव. सातवा: शांतप्पा.

मी टाळी वाजवायला हात वर केले होते, ते तसेच केसांवरून फिरवले.

शांतप्पा पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत एका लहानशा शेडमध्ये लोखंड कातायचा लेथ चालवतो. निपाणीच्या अलीकडचं गाव, घरात मराठी, शाळा कन्नड. पन्नाशीचा माणूस, हातांना कटिंग ऑइलचा वास कायमचा. मंडळीत आल्याला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती, आणि त्यानं कधी कशावर मत दिलेलं मला आठवत नाही. उपासना संपल्यावर पाळकसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की शांतप्पांना देवनागरी वाचायला जमत नाही, तुम्ही जरा हाताशी धरा. पाळकसाहेब वयानं माझ्या भाच्याएवढे, आणि माझ्याबद्दल त्यांचं मत फार चांगलं.

घरी आल्यावर रूथ म्हणाली, सहावा पण चांगलाच आहे की. मी म्हटलं, चांगलाच आहे. आणि ताट जरा जोरात ठेवलं.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी शांतप्पा आला तो ताडगोळे घेऊन. ते दिवस ताडगोळ्यांचेच. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून त्या जाड बोटांनी तो त्यांची पातळ साल अशी सोलत होता की आतलं पाणी सांडत नव्हतं. रूथशी कन्नडमिश्रित गप्पा मारत होता, तिला अक्का, मला मास्तर म्हणत होता. मी वही घेऊन टेबलाशी बसलो आणि मोठेपणानं विचारलं, तुमच्या मनात काय आहे सातव्या उद्गाराबद्दल?

तो जरा लाजला. सोललेला ताडगोळा माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "मला काय कळतंय मास्तर. दिवसभर खेळून, मार खाऊन पोरगं दमतंय. मग बाप येतोय, त्याला उचलतोय. पोरगं मान टाकतंय. एवढंच दिसतंय मला त्यात."

रूथचा हात थांबला होता. माझ्या हातावर तो गार, ओला ताडगोळा होता, आणि बावीस पानांत हे नव्हतं.

हेवा कसा वाटतो ते मी नीट सांगू शकतो. बापडे लोक म्हणतात जळफळाट, पण त्यात जळणं बिळणं काही नसतं. गार असतं ते. पोटात एकदम जागा मोकळी होते, आणि तिथं बसून कुणीतरी फार शांतपणे विचार करायला लागतं. त्या शांत माणसानं माझ्या तोंडून सांगितलं की शांतप्पा, हे घरात ठीक आहे, मंडळीपुढे एवढंसं बोलून चालत नाही. बारा मिनिटं भरावी लागतात. मी लिहून देतो.

आणि मी लिहून दिलं. मुद्दाम. ज्या माणसाला पाच पायऱ्यांत सांगता येतं, त्यानं शोधून शोधून दगड गोळा केले. 'सर्वंकष समर्पणाची परमोच्च परिसीमा.' 'पितृसान्निध्याची चिरंतन अभिलाषा.' 'प्रायश्चित्तस्वरूप आत्मविसर्जन.' लेथवाला माणूस यावर अडखळणार, लोक कसनुसे होणार, आणि पुढच्या वर्षी पाळकसाहेबांना अक्कल येणार. हे मी एवढ्या स्पष्ट शब्दांत तेव्हा स्वतःला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. आणि त्याचं ते दमलेलं पोरगं मी माझ्या सहाव्या उद्गारात घेतलं. वाया कशाला घालवायचं.

नंतरचे शनिवार आठवले की मला आजही ताडगोळा नको होतो. मी वाचायचो, तो कन्नड लिपीत उतरवून घ्यायचा, कारखान्यातल्या जॉबकार्डांच्या पाठकोऱ्या बाजूवर. ती कार्डं तो लेथच्या दिव्याला चिकटवून ठेवायचा आणि दिवसभर म्हणायचा. शेजारच्या मशीनवर बिहारचा एक माणूस होता. त्यालाही अर्धं पाठ झालं आणि तो त्याला मंत्र समजून काम सुरू करताना म्हणू लागला. हे शांतप्पा हसत हसत सांगायचा. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारायचा. मी त्याहून जड शब्दात सांगायचो. तो मान डोलवायचा: "अस्सं. मोठं हाय." त्याला एकदाही शंका आली नाही. एकदा रूथनं आतून येऊन विचारलं की इतकं अवघड कशाला, तर मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मास्तरांनी लिवलंय म्हंजे बरोबरच असणार की अक्का."

चौथ्या शनिवारी जाताना तो दारात थांबला. चप्पल घातलेली, पुन्हा काढली.

"मास्तर, एक विचारू? हे बोलताना मला आत काय व्हईना. पयलं बोललो तवा व्हत होतं."

तिथं मला थांबता आलं असतं. प्रत्येक गोष्टीत एक असा उंबरा असतो, आणि तो माझ्या घराचाच होता. मी म्हटलं, "सरावानं होईल."

"सरी, बरं मग," तो म्हणाला, आणि गेला.

उत्तम शुक्रवारी सकाळी सातला आमची उपासना. बाराला कन्नड मंडळीची, म्हणून आम्हाला दहाला चर्च रिकामं करून द्यायचं. पांढरे कपडे, बंद पेटी, कारण त्या दिवशी आम्ही वाद्य वाजवत नाही, हातपंख्यांची फडफड. माझा सहावा उद्गार म्हणजे काम पुरं झाल्याचा. काम पुरं झाल्याबद्दल मी सव्वीस मिनिटं बोललो. दमलेल्या पोराचं वाक्य आलं, पण मी त्याला एकटं कसं सोडणार? त्याचे तीन मुद्दे केले: दमणं, उचलणं, मान टाकणं, पहिल्या मुद्द्याचे दोन पोटमुद्दे. दुसऱ्या बाकावर शांतप्पा बसला होता. त्याचं वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला, जसा आपला मुलगा स्टेजवर दिसल्यावर बापाचा उजळतो. बाकी कुणाचा काही उजळला नाही. पाळकसाहेब घड्याळाकडे बघत होते.

मग तो उठला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात मागे बांधलेले. आणि त्यानं सगळं म्हटलं. परमोच्च परिसीमा, चिरंतन अभिलाषा, न चुकता, एकेक शब्द लेथवर घासून काढल्यासारखा. लोक ऐकत होते, म्हणजे बसले होते. आठव्या मिनिटाला तो अडला.

मी याचीच वाट बघितली होती चाळीस दिवस.

तो गडबडला नाही. छताकडे बघितलं नाही, खिशातलं कार्ड काढलं नाही. त्यानं फक्त माझ्याकडे बघितलं आणि थांबला. जसं पुढचा शब्द माझ्याकडे ठेवायला दिलाय, आणि मी तो देणारच आहे, त्यात घाई करण्यासारखं काही नाही. मी बुटांकडे बघितलं. बुटांना पॉलिश होतं. वर बघितलं तर तो अजून तसाच, माझ्याकडे बघत. ते बघणं मला सहन झालं नाही. मी "आत्मविसर्जन" असं ओरडलो. हळू सांगायचं होतं, पण घशातून आलं ते असं. व्हरांड्यातल्या कन्नड मंडळीच्या माणसानं आत डोकावून पाहिलं. शांतप्पा हसला, शब्द घेतला, आणि पुढे गेला.

बाहेर फाटकाशी तीन वेगवेगळ्या माणसांनी मला सांगितलं की शांतप्पा अगदी तुमच्यावर गेला हो. एकानं जरा दमल्या आवाजात सांगितलं. रिक्षात बसल्यावर रूथनं विचारलं, त्याला तुम्ही तुमचंच भाषण दिलंत का? मी रिक्षावाल्याला रस्ता सांगायला लागलो. सगळ्या अनुभवांतून मी हेच काय ते शिकलो: मी दुष्टपणानं मुद्दाम वाईट लिहिलेलं आणि मी मनापासून चांगलं म्हणून लिहिलेलं, यातला फरक आमच्या चाळीस घरांत एकाही माणसाला कळला नव्हता.

हसू येतं मला आता त्याचं. पण त्याच्या पाठोपाठ तो दारात चप्पल काढून उभा राहिलेला माणूस येतो. चांगली गोष्ट हातात होती त्याच्या. मी ती काढून घेतली आणि दगड दिला, आणि त्यानं दगड छातीशी धरून पाठ केला. त्यानंतरची तीन वर्षं झाड फुललं की मला वाटायचं, सांगावं. मग वाटायचं, त्याला काही माहीतच नाही, कशाला दुखवा. हा विचार इतका परोपकारी होता की मला ताबडतोब ओळखू यायला हवा होता.

या वर्षी पाळकसाहेबांचा फोन आला. सातवा उद्गार तुम्ही घ्या.

मी बावीस पानं काढली. पहिल्या पानावरच स्वतःला सोपवून देण्याबद्दल एक परिच्छेद होता, चांगला बांधलेला. तो वाचताना मला मी भिंतीवर बसलेला दिसलो नाही. दारात उभा असलेला शांतप्पा दिसला. पानं परत ठेवली. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारली आणि मेट्रोनं पीण्याला गेलो.

पत्र्याची शेड, पाच मशीनं, लोखंडाच्या कुरळ्या किसाचे ढीग. मला बघून त्यानं लेथ बंद केला, स्टूल पुसून दिलं, कुणालातरी चहा सांगितला. मी स्टुलावर न बसता बोलायला लागलो. मेट्रोत तयारी केली होती. त्या वर्षीची माझी मनःस्थिती सांगितली, भास्करकाका गेल्यानं निर्माण झालेली परिस्थिती सांगितली, हेवा हा विकार माणसात कुठून येतो ते सांगितलं. मुद्दाम अवघड लिहिलं हे सांगितलं. तुमचं वाक्य मी घेतलं, हे सांगितलं. शेजारची मशीनं चालू होती, म्हणून जरा ओरडून सांगावं लागत होतं.

त्यानं चिंधी घेतली आणि एकेक बोट पुसत राहिला. मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ द्या हो मास्तर. तो तसं म्हणाला नाही.

"झोपेत बोलत होतो मी ते," तो म्हणाला. "बायको उठून बसायची." मग, माझ्याकडे न बघता, "वाईट केलं तुम्ही."

"हो," मी म्हटलं.

"माझा हेवा?" त्यानं विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं. मी काही उत्तर दिलं असतं, माझ्याकडे होतं, त्यात मुद्देही होते. पण त्यानं चिंधी खांद्यावर टाकली आणि वर बघितलं.

"तुम्ही माफी मागायला आलाय न्हवं मास्तर?"

"हो."

"मग मागा की."

खरंच मागितली नव्हती. पंधरा मिनिटं बोललो होतो आणि सगळं सांगितलं होतं, तेवढं एक सोडून. तो थांबला होता. तसंच, घाई न करता, शब्द माझ्याकडे आहे याची खात्री असल्यासारखा. आणि या वेळी मला पुढून कुणी ओरडून सांगणार नव्हतं. साठीला आलेला माणूस, लोखंडाच्या किसात उभा, कानाच्या पाळ्या तापलेल्या.

"माफ करा," मी म्हटलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. आवाज माझा वाटला नाही. बराच लहान होता.

"केलं," शांतप्पा म्हणाला.

चहा आला. आम्ही तो उभ्यानंच प्यालो. त्यानं विचारलं, अक्का कशी आहे. मग त्यानं लेथ सुरू केला आणि जॉबवर वाकला, आणि पाचच मिनिटांत तो माणूस पूर्णपणे त्या फिरणाऱ्या लोखंडाचा झाला. त्याच्या पाठीत मी केलेल्या वाईटाची खूणसुद्धा दिसेना. मी बराच वेळ शोधत होतो. बाहेर पडताना क्षणभर वाटलं, पाळकसाहेबांना फोन करून सांगावं की सातवा त्यालाच द्या. नंबरही काढला. मग लक्षात आलं की हा सगळा मागच्या बाकाचाच प्रकार आहे, आणि फोन खिशात टाकला. शुक्रवारी बोलावं लागणार. काय, ते अजून माहीत नाही.

मेट्रोच्या जिन्यापर्यंत पोचेतो मला पुन्हा हेवा वाटायला लागला होता, त्याचाच, आधीपेक्षा जास्त. फक्त आता कशाचा ते नीट ठाऊक होतं, न विचारता उडी टाकणाऱ्या त्या विश्वासाचा, आणि ते मागितलं की मिळतं, हेही.